एक किलो कॅल्शियम, सहाशे किलोमीटर केशवाहिन्या

मध्यम बांध्याच्या प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असते. त्यातले ९९ टक्के हाडांत आणि दातांत. रक्तात त्यातले किती, तर जेमतेम ३०० मिलिग्रॅम. एकीकडे दहा लाख मिलिग्रॅमचा साठा आणि दुसरीकडे हे तीनशे. पण हृदयाचा प्रत्येक ठोका, स्नायूची प्रत्येक हालचाल आणि मेंदूतल्या एका पेशीने दुसरीला धाडलेला प्रत्येक निरोप या तीनशेच्या भरवशावर चालतो. रक्तातली पातळी थोडी जरी घसरली, तरी गळ्यातल्या चार इवल्याशा पॅराथायरॉइड ग्रंथींना ते लगेच कळते आणि त्यांच्या सांगण्यावरून हाडे कॅल्शियम सोडू लागतात. शरीर रक्ताला कधी कमी पडू देत नाही. कमी पडते ते हाडांना, तेही गुपचूप. म्हणून रक्तातल्या कॅल्शियमचा रिपोर्ट उत्तम आणि हाडे मात्र पोकळ, असे सर्रास घडते.

२०११च्या जनगणनेनुसार सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाख १७ हजार ७५६ होती. त्यातले निम्मेच प्रौढ धरले, तरी माणसांच्या हाडांत साठलेले कॅल्शियम दोन हजार टनांच्या वर जाते. आणि हा साठा एका जागी पडून राहिलेला नसतो. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहा टक्के भाग दर वर्षी पोखरला जातो आणि नव्याने भरला जातो. दहा वर्षांपूर्वी ज्या हाडांवर तुम्ही उभे होता, त्यातले बरेचसे आज उरलेले नाही.

हाड म्हणजे वाळलेला चुना, अशी आपली समजूत शाळेतल्या सांगाड्यामुळे झाली असावी. प्रत्यक्षात हाडाच्या आत ऑस्टिओसाइट नावाच्या जिवंत पेशी असतात. ऑस्ट्रेलियातल्या ब्युन्झली आणि सिम्स या दोन शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये त्यांचा हिशेब मांडला. एका माणसाच्या सांगाड्यात अशा सुमारे ४२ अब्ज पेशी. प्रत्येकीला बारीक तंतू फुटलेले आणि त्या तंतूंनी एकमेकींना धरलेले. सगळ्या तंतूंची लांबी जोडली, तर १ लाख ७५ हजार किलोमीटर. पृथ्वीला विषुववृत्तावरून चार वेढे घालूनही पंधरा हजार किलोमीटर शिल्लक राहतात. पेशींमधल्या जोडण्या २३ लाख कोटी. मेंदूतल्या चेतापेशी ८६ अब्ज असतात, म्हणजे संख्येच्या दृष्टीने हाडांचे जाळे मेंदूच्या जवळपास निम्म्याने आहे. आपण चालतो, उचलतो, पायऱ्या चढतो, तेव्हा हाडावर किती दाब आला हे या पेशी जाणतात आणि कुठे भर घालायची, कुठून काढायचे ते ठरवतात.

आता मेंदूकडे वळू. वजनाने शरीराच्या दोन टक्के; पण हृदयाने फेकलेल्या रक्तातला सुमारे १५ टक्के वाटा त्याचा. मिनिटाला साधारण ७५० मिलिलीटर. सोलापूरकर पाण्याचा हिशेब टँकरने करतात, तसाच हा करून पाहू. दिवसाला १,०८० लीटर, म्हणजे दहा हजार लीटरचा एक टँकर नऊ-दहा दिवसांत डोक्यातून जातो. वर्षाला जवळपास चाळीस टँकर. हे सगळे रक्त अखेर ज्या केशवाहिन्यांतून झिरपते, त्यांची एकूण लांबी सहाशे किलोमीटरच्या वर आहे: सोलापूरहून हैदराबादला जाऊन परत येण्याइतकी, आणि ती दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या मेंदूत मावलेली. काही ठिकाणी या वाहिन्या इतक्या अरुंद असतात की लाल पेशीला अंग मुडपून पुढे सरकावे लागते. या लाल पेशी तयार कुठे होतात? हाडांच्या आत, मज्जेत, सेकंदाला वीस लाखांच्या हिशेबाने.

तरीही हाडांचा डॉक्टर वेगळा, मेंदूचा वेगळा. आईच्या मनगटाचे फ्रॅक्चर एका फाइलमध्ये आणि तिचे बीपी दुसऱ्या फाइलमध्ये. या दोन फाइली एकत्र वाचायला हव्यात, हेच मला इथे सांगायचे आहे.

अमेरिकेतल्या संशोधकांनी पासष्ट वर्षांवरच्या ४,०२४ स्त्रियांच्या टाचेच्या हाडाची घनता मोजली आणि पुढची दोन वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. १९९३ मध्ये निष्कर्ष छापून आले. हाडाची घनता एका ठरावीक टप्प्याने कमी असली, की पक्षाघाताचा धोका १.३१ पट होत होता. हा टप्पा केवढा, तर एका चौरस सेंटीमीटरमागे ०.०९ ग्रॅम खनिज. नव्वद मिलिग्रॅमचा फरक हाडात, आणि धोका वाढतोय डोक्यात.

पुढचा मोठा आकडा हॉलंडमधल्या रॉटरडॅमचा आहे. सरासरी ७२ वर्षे वयाच्या ३,६५१ लोकांची हाडे मोजून त्यांना सरासरी अकरा वर्षे तपासत राहिले. २०२३ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वांत विरळ हाडे असलेल्या १,२११ जणांपैकी ९० जणांना दहा वर्षांत स्मृतिभ्रंश झाला. सर्वांत दाट हाडे असलेल्या तितक्याच लोकांत हा आकडा ५७ होता. विरळ हाडांमुळेच स्मृती गेली, असे यातून सिद्ध होत नाही, हे लक्षात ठेवून हे आकडे वाचावेत. एकाच कारणाने दोन्हीकडे झीज होत असू शकते. मला तर हीच शक्यता जास्त महत्त्वाची वाटते, कारण मूळ एकच असेल तर उपायही एकच पुरू शकतो.

हे समान कारण कसे असू शकते, याची ठोस खूण उंदरांत सापडली. ऑस्टिओप्रोटेजेरिन नावाचे एक प्रथिन हाडे पोखरणाऱ्या पेशींना आवर घालते. १९९८ मध्ये शास्त्रज्ञांनी हे प्रथिन बनवूच न शकणारे उंदीर तयार केले. त्यांची हाडे ठिसूळ होणार हे अपेक्षितच होते. अपेक्षित नव्हते ते असे, की त्याच उंदरांच्या महाधमनीत आणि मूत्रपिंडाच्या धमन्यांत कॅल्शियम साचू लागले. जणू हाडातून निघाले आणि रक्तवाहिनीच्या भिंतीत जाऊन बसले. त्याच्या एक वर्ष आधी जेरार कार्सेंटी यांच्या प्रयोगशाळेत दुसरे एक प्रथिन काढून टाकलेले उंदीर जन्माला आले होते. व्हिटॅमिन के असल्याशिवाय हे प्रथिन कामाला लागत नाही आणि धमन्यांत कॅल्शियम साचू न देणे हे त्याचे काम. ते नसलेल्या उंदरांच्या धमन्या हाडासारख्या टणक झाल्या, फाटल्या, आणि दोन महिन्यांच्या आत ते मेले.

माणसाच्या धमन्या इतक्या वेगाने कडक होत नाहीत, पण दिशा तीच असते. लवचीक महाधमनी हृदयाचा जोर आपल्या भिंतीत मुरवते आणि पुढे रक्त संथपणे सोडते. ती ताठर झाली की हा जोर तसाच मेंदूच्या नाजूक वाहिन्यांपर्यंत पोचतो. मिनिटाला सत्तर ठोके धरले, तर दिवसाला एक लाख, वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक तडाखे. साठी ओलांडलेल्या बहुतेकांच्या मेंदूच्या एमआरआयमध्ये कमी-अधिक पांढरे डाग दिसतात, ते याच बारीक वाहिन्यांच्या दुखण्याचे. डाग वाढले की चाल मंदावते, तोल जातो, आठवण अडखळते. तोल गेला की माणूस पडतो, आणि हाडे आधीच विरळ असली तर मोडतात.

औषधांच्या बाजूनेही या नात्याचा धक्का बसलेला आहे. रोमोसोझुमॅब हे हाडे भरून आणणारे प्रभावी इंजेक्शन. ऑस्टिओसाइट जे स्क्लेरोस्टिन नावाचे प्रथिन सोडतात, ते हे औषध अडवते. ४,०९३ स्त्रियांच्या चाचणीत पहिल्या वर्षी हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या गंभीर तक्रारी या औषधाच्या गटात २.५ टक्के, तर जुन्या औषधाच्या गटात १.९ टक्के निघाल्या. त्याआधीच्या ७,१८० स्त्रियांच्या चाचणीत असा फरक दिसला नव्हता. तरी अमेरिकेने २०१९ मध्ये परवानगी देताना हृदयविकार आणि पक्षाघाताचा ठळक इशारा छापायला लावला. हाडासाठी दिलेल्या औषधाच्या पाकिटावर पक्षाघाताचा इशारा, हे दृश्य एकदा डोळ्यांसमोर आणून पाहा.

स्त्रियांच्या बाबतीत या सगळ्याला एक तारीख असते: पाळी थांबण्याची. इस्ट्रोजेन हाडे पोखरणाऱ्या पेशींना लगाम घालते आणि रक्तवाहिन्यांना सैल राहायला मदत करते. ते ओसरले की पहिल्या पाच-सात वर्षांतच हाडांचा दहा ते वीस टक्के भाग जाऊ शकतो. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी थांबते, पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा चारेक वर्षे आधी. आणि काहींची तर ती ऑपरेशनच्या टेबलावर थांबवली जाते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजार ८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. यातल्या अनेक कोयत्यांच्या टोळ्या सोलापूरच्या कारखान्यांवर येतात. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूरचे नाव पुढे आहे. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले, तर इस्ट्रोजेन एका दिवसात जाते. कमी वयात बीजांडकोश काढलेल्या स्त्रियांना पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००७ मध्येच दाखवले आहे. तिशीतल्या बाईला कारण नसताना ‘पिशवी काढून टाका’ म्हणून सांगणे म्हणजे तिच्या हाडांवर आणि मेंदूवर तीस-चाळीस वर्षांचे कर्ज चढवणे होय. याबद्दल राग यायलाच हवा.

सोलापूर शहराच्या पूर्व भागातली गोष्ट इतकी उघड नाही. इथे विड्या वळणाऱ्या बायकांची संख्या ६५ ते ७० हजार सांगितली जाते. कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत दहा हजार घरांची. जवळच्या रे नगरमधल्या पंधरा हजार घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. यातल्या कितीतरी घरांत दुपारी डोकावले, तर चित्र सारखेच. भिंतीला पाठ टेकून, मांडीवर सूप घेऊन बाई बसलेली. ओल्या फडक्यातून पान काढायचे, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचे, चिमटीने तंबाखू पसरायची, वळायची, दोऱ्याने बांधायची, तोंड मुडपायचे. दहा तासांत एक हजार विड्या करायच्या, तर एका विडीला ३६ सेकंद मिळतात, पान कापण्याचा वेळ त्यातच. मान खाली, गुडघे दुमडलेले, बोटे तेवढी हलतात. वर्षाचे तीनशे दिवस आणि अशी तीस वर्षे धरली, तर एका बाईच्या हातून ९० लाख विड्या होतात. विडी सहा-सात सेंटीमीटरची. तिने वळलेल्या सगळ्या विड्या एका रांगेत ठेवल्या तर ती रांग ५४० ते ६३० किलोमीटर भरेल, म्हणजे जवळजवळ तिच्याच मेंदूतल्या केशवाहिन्यांइतकी.

या ९० लाखांत तिच्या हाडांच्या वाट्याला काय येते? दाब नाही, कारण ती बसलेली आहे. त्या ४२ अब्ज पेशींना दिवसभर जवळजवळ काहीच जाणवत नाही. ऊन नाही, कारण ती घरात आहे. मे महिन्यात ४३ अंशांच्या पुढे तापणाऱ्या सोलापुरात व्हिटॅमिन डी कमी पडावे हे ऐकायला विचित्र वाटते, पण त्वचेला थेट ऊन लागल्याशिवाय ते तयार होत नाही आणि छपराखालच्या उष्म्याचा त्याला काही उपयोग नाही. उलट तंबाखूची धूळ मात्र रोज मिळते. विडी कामगारांच्या लघवीत निकोटिनचे अंश उतरतात, हे भारतातल्या अभ्यासांत आढळले आहे. त्यात मिश्रीची सवय असली, तर आणखी भर. निकोटिन रक्तवाहिन्या आवळते. तंबाखूने हाडेही विरळ होतात.

ताटातही दोन्ही बाजूंचे धागे आहेत. आपली ज्वारी फार गुणाची, पण शंभर ग्रॅम पिठात कॅल्शियम तीस मिलिग्रॅमच्या आतच. दिवसाची १,००० मिलिग्रॅमची गरज नुसत्या भाकरीवर भागवायची, तर साडेतीन किलो पीठ खावे लागेल. पाळी थांबलेल्या बाईची गरज तर १,२०० मिलिग्रॅम. शंभर ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, शेवग्याच्या पाल्यात तीनशेच्या वर, आणि तिळात चक्क १,२०० हून अधिक. कडक भाकरीवर तीळ थापणाऱ्या आपल्या आज्यांनी हे आकडे वाचले नव्हते, पण त्यांचा हात योग्य जागी पडत होता. पालेभाजीतून व्हिटॅमिन केही मिळते. याउलट मीठ. रोजच्या सहा ग्रॅम मिठामागे सुमारे ४० मिलिग्रॅम कॅल्शियम लघवीवाटे जाते. ते भरून निघाले नाही, तर वर्षाला साडेचौदा ग्रॅम, वीस वर्षांत २९० ग्रॅम: त्या एक किलोतला पावभागाहून जास्त. तेच मीठ रक्तदाब वाढवून मेंदूच्या वाहिन्यांवरही उठते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांची तपासणी करून २००६ मध्ये दिलेले आकडेही इथेच आठवावेत. ६७ टक्के जणांत व्हिटॅमिन बी-१२ कमी, ५८ टक्के जणांत होमोसिस्टीन, म्हणजे बी-१२ कमी पडले की रक्तात वाढणारा घटक, जास्त. शहरी मध्यमवर्गात तर बी-१२ची कमतरता ८१ टक्के. होमोसिस्टीन वाढलेल्या लोकांत फ्रॅक्चर जास्त होतात, हे २००४ मध्ये दोन मोठ्या अभ्यासांनी दाखवले, आणि पक्षाघाताशी त्याचा संबंध आधीच माहीत होता. होमोसिस्टीन उतरवणारी व्हिटॅमिनची गोळी घेतली की हाडे वाचतातच, असे पुढच्या चाचण्यांत दिसले नाही. पण चीनमध्ये २०,७०२ रक्तदाबाच्या रुग्णांना औषधाबरोबर होमोसिस्टीन उतरवणारे फोलिक ॲसिड दिल्यावर पहिल्या पक्षाघाताचे प्रमाण २१ टक्क्यांनी घटले, ही २०१५ची नोंदही पक्की आहे.

पक्षाघात झालाच, तर आकडे फार निर्दय होतात. मोठी वाहिनी तुंबली की मिनिटाला १९ लाख चेतापेशी मरतात, १४ अब्ज जोडण्या तुटतात, १२ किलोमीटर चेतातंतू नाहीसे होतात. उपचाराविना गेलेला एक तास मेंदूला ३.६ वर्षांनी म्हातारा करतो. बार्शीहून सोलापूर सत्तर किलोमीटर. गाडी दीड तासात पोचली तरी १७ कोटी पेशी वाटेतच गेल्या. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच द्यायचे असते. आणि मग हाडांची पाळी येते. लुळ्या पडलेल्या बाजूवर वजन पडत नाही. गंभीर पक्षाघात झालेल्या रुग्णांच्या एका स्वीडिश पाहणीत पहिल्याच वर्षात त्या बाजूच्या मांडीच्या हाडाचे बारा टक्के आणि दंडाच्या हाडाचे सतरा टक्के खनिज गेले होते. अंतराळवीरांच्या कमरेजवळचे हाड महिन्याला एक ते दीड टक्का झिजते. म्हणजे खाटेवर पडलेली बाई वजनरहित अंतराळातल्या माणसाइतक्याच वेगाने हाड गमावत असते. या रुग्णांचे खुब्याचे फ्रॅक्चर बहुतेक वेळा लुळ्या बाजूलाच होते, कारण तोल तिकडेच जातो.

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आपल्याच जिल्ह्यात दर आषाढात चालत येतो. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, जवळपास चार लाख पावले. चालताना प्रत्येक पावलाला खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. पन्नास किलोच्या वारकरी बाईच्या खुब्याला पावलागणिक सव्वाशे किलो झेलावे लागतात, आणि हाडातल्या पेशींना नेमके हेच हवे असते. हेच चालणे रक्तदाब उतरवते, वाहिन्या लवचीक ठेवते आणि तोल सांभाळायला शिकवते. वारी वर्षातून एकदा. पण वसाहतीतल्या गल्लीतून सकाळच्या उन्हात अर्धा तास चालायला पंचांग लागत नाही.

तेव्हा घरात चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली आई, मावशी, काकू, सासूबाई असेल आणि साध्या पडण्याने तिचे मनगट मोडले असेल, तर प्लास्टर निघाले म्हणून विषय संपवू नका. डॉक्टरांना विचारून हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करा, आणि त्याच आठवड्यात तिचे बीपी, साखर, बी-१२ आणि व्हिटॅमिन डी बघा. बीपी जास्त निघाले तर हाडांचे विचारा; हाडे विरळ निघाली तर बीपीचे विचारा. कॅल्शियमच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. गर्भाशय काढायला सांगितले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय सही करू नका. विडी कारखान्यांच्या दारात आणि ऊसतोडीच्या तळांवर बीपीचे यंत्र घेऊन जाणारी शिबिरे भरतात, त्यांत हाडांचे प्रश्नही विचारले जावेत, असा आग्रह युनियनने आणि आरोग्य खात्याने धरावा. आणि तोंड वाकडे झाले, हात खाली पडला, बोलणे अडखळले, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. ताबडतोब १०८ला फोन लावा.